केस जायच्या आत

आमच्या ह्यांच्याकडे माणूस पासपोर्टचा फोटो काढायला येतो आणि आपल्याला टक्कल कधी पडणार ते ऐकून जातो. ते त्याने विचारलेलं नसतं. तरी मिळतं.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे एक फिरतं स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे आणि भिंतीला पांढरा कागद. काउंटरवर मी असते. फोटो कापायचे, पाकिटात भरायचे, उद्या या परवा या सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे पडद्यामागचं सगळं कानावर पडतं. आधी आवाज येतो, "हनुवटी वर." मग येतो, "आता जरा खाली." आता मला सांगा, पासपोर्टच्या फोटोला हनुवटी खाली कशाला लागते? फोटोला नाही लागत, ह्यांना लागते. मान खाली गेली की माथा बरोबर दिव्याखाली येतो. मग हे कंगवा घेऊन "केस जरा नीट करतो हं" म्हणत पुढचे केस मागे सारतात, कपाळाचे दोन्ही कोपरे बघून घेतात, मागचा भोवरा बघतात आणि विचारतात, "मामा आहेत का तुम्हाला?"

माणूस गोंधळतो. फोटोसाठी मामा?

"आहेत दोन."

"केस आहेत त्यांना?"

तिथून पुढे त्या माणसाचं काही खरं नाही. ह्यांच्या मते केस जायच्या तीन तऱ्हा. एक कोपऱ्यातून जाणारे, एक माथ्यावरून जाणारे, आणि एक दोन्हीकडून एकमेकांना भेटायला निघालेले. "तुमचे कोपऱ्यातून चाललेत. पस्तिशीला पुढे एक बेट राहील, चाळिशीला बेट बुडेल. मागची झालर मात्र शेवटपर्यंत साथ देईल." हे इतक्या शांतपणे सांगतात, जणू फोटो मंगळवारी मिळेल असं सांगतायत. आणि लगेच, "हं, आता हनुवटी वर. हसू नका." त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू उरलेलंच नसतं, त्यामुळे पासपोर्टचा फोटो अगदी नियमाप्रमाणे येतो.

लोक चिडत कसे नाहीत, असं मला सुरुवातीला वाटायचं. एखादा चिडतोही. पण बाकीचे परत येतात, कारण ह्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यात जादू काही नाही. पासपोर्ट, लायसन, नोकरीचं ओळखपत्र, काही ना काही निमित्ताने तीच माणसं दर काही वर्षांनी येतात आणि त्याच स्टुलावर, त्याच दिव्याखाली बसतात. जुना फोटो ह्यांच्याकडे असतोच. तो काढून नव्याशेजारी ठेवायचा आणि कपाळ किती वर चढलं ते बघायचं. बँकेतला एक कारकून तर भांडायला आला होता. "तुम्ही चाळीस म्हणाला होता, माझे अडतिसाव्यालाच गेले!" जणू ह्यांनीच उपटले होते.

एकदा कातडीची डॉक्टरीण आली होती फोटोला. तिलाही मामा विचारले ह्यांनी. ती हसली. म्हणाली, "आईकडून येतं हे अर्धंच खरं आहे हो. वडिलांकडूनही येतं, दोन्ही घरांचं मिळून काय ते ठरतं. एकाच आईबापाच्या पोटच्या दोन भावांचंही सारखं होत नाही. मागच्या पाच वर्षांत किती गेले ते बघून पुढचा अंदाज बांधता येतो, पण साल कुणी सांगू नये." हे मान डोलवत ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "म्हणजे मी करतो तेच." मी म्हटलं, "साल सांगू नये म्हणाली ती." तर म्हणे, "साल नाही सांगितलं तर लोकांना काय कळणार?"

बरं, एवढे ज्योतिषी, तर स्वतःचं डोकं कसं आहे? काळंपांढरं, दाट, कुरळं, कंगवा अडकेल असं! साठी जवळ आली, अजून महिन्याला न्हाव्याकडे जावं लागतं. सगळ्या गल्लीचं टक्कल अचूक सांगितलं आणि स्वतःचं तेवढं सपशेल चुकलं. लोक चेष्टा करतात, हेही हसतात. मला मात्र त्यात हसू येत नसे. का ते सांगते.

ह्यांना तीन मामा. तिघांचीही डोकी तिशीच्या आत घासलेल्या पातेल्यासारखी. लहानपणापासून हे ऐकत आलेले, भाचा मामाच्या वळणावर जातो. फोटोग्राफीचं काम शिकायला लागले तेव्हा ह्यांनी तिघा मामांचे जुने फोटो मागवले, ओळीने लावले आणि आपला निकाल लावून टाकला. तिशी. फार तर एकतीस. त्या वेळी हे पंचविशीचे होते.

मग हे मला बघायला आले. बरोबर सासूबाई आणि माझी नणंद. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि हे एकदम म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे केस तिशीपर्यंत जाणार आहेत. मागाहून फसवलं म्हणू नका." माझे वडील हसले, त्यांचं स्वतःचं टक्कल चमकत होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "मला काय केसांबरोबर संसार करायचाय?" खरं सांगते, मी तिथेच भुलले. तोवर जे दोघंतिघं येऊन गेले होते त्यांनी पगार वाढवून सांगितला होता, घर मोठं करून सांगितलं होतं. हा पहिला माणूस, जो आपलं उणं आपल्या तोंडाने सांगत होता. मी त्याच दिवशी हो म्हटलं. त्यांच्याकडूनही लगेच हो आलं. लग्न झटपट झालं. लग्नात फोटो मात्र इतके काढून घेतले की विचारू नका. "आहेत तोवर काढून ठेवू," असं ह्यांचं चाललेलं.

दुसऱ्या वर्षी नणंद राहायला आली होती. आम्ही दोघी गच्चीवर कपड्यांच्या घड्या घालत होतो. ती तशी वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. बोलता बोलता म्हणाली, "दादाला काय गं, केस जायच्या आत कुणीतरी हवी होती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! तू पहिलीच होतीस, तू हो म्हणालीस, झालं. आई म्हणत होती, अजून दोनचार ठिकाणी बघू. पण ऐकतोय कोण!"

मी हसले. तोंडावर हसावंच लागतं. पण ते वाक्य जे आत रुतलं ते रुतलंच. कुणीतरी हवी होती. म्हणजे माझ्या जागी दुसरी असती आणि हो म्हणाली असती, तर तीही चालली असती. मी ह्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं काय? आणि ते हो म्हणाले असते तर? हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून तर केला होता!

पुढे तिशी आली आणि केस जागेवर. एकतीस, पस्तीस, चाळीस, केसांना धक्का नाही. ह्यांना आनंद व्हायचा आणि मला मेलं आतून टोचायचं. कारण केस गेले असते तर निदान ती घाई बरोबर तरी ठरली असती. केस राहिले म्हणजे वेळ होता. भरपूर वेळ होता. वेळ आहे हे ठाऊक असतं तर हे आणखी चार मुली बघून आले असते, आणि मग मी कुठे? संसारात काही कमी नव्हतं, हेही सांगते. भांडणं झाली, आजारपणं झाली, सगळं दोघांनी निभावलं. पण ह्यांच्या डोक्याकडे बघितलं की माझ्या मनात ते वाक्य यायचंच, आणि ते डोकं तर रोज समोर.

आता आमच्या मुलाचं. वय सत्तावीस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर चढलेला असतो. एकदा एका इमारतीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं जुनं चित्रण बघत बसला होता, दार कुठे अडकतं ते शोधायला. पडद्यावर वरून एक माणूस दिसला, माथ्यावर केस विरळ झालेले. हा म्हणाला, "हा कोण टकल्या, एकसारखं बटण दाबतोय?" पहारेकरी म्हणाला, "साहेब, ते तुम्हीच आहात, कालचे."

त्या दिवसापासून पोराची झोप उडाली. तेलं झाली, औषधं झाली, चमचाभर हे आणि चमचाभर ते झालं. माझ्या दोन्ही भावांची डोकी साफ आहेत, म्हणजे ह्यांच्या शास्त्राप्रमाणे दोष माझ्या माहेराकडे. नणंद म्हणालीच, "आमच्यात कुणाला नव्हतं बाई." मी म्हटलं, "आणि तुमचे तीन मामा काय परक्यांचे होते का?"

तिची माघार तेवढ्यापुरती होती. महिन्याभरात तिने भाच्यासाठी एक मुलगी सुचवली. एका दवाखान्यात काम करते, घरचे साधे. दोघं एकदा बाहेर भेटले, अर्धापाऊण तास बोलले. परत आल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?"

"ठीक आहे."

एवढंच. बूट काढता काढता म्हणाला आणि आत गेला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा हा कामाच्या कपड्यांतच आला. सरळ पडद्यामागे जाऊन स्टुलावर बसला. "बाबा, दिवा लावा. बघा, आणि खरं सांगा. आत्याला आज कळवायचंय." मी कात्री ठेवली आणि पडदा बाजूला करून उभी राहिले.

ह्यांनी दिवा लावला. पोटच्या पोराची मान खाली करून कंगव्याने केस सारले. बाकीच्यांना फटाफटा सांगणारा माणूस, पण इथे कोपरे बघून झाले, भोवरा बघून झाला, तरी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला. मग म्हणाले, "दोन्हीकडून निघालेत. तुझ्या मामांसारखेच, पण जरा लवकर. दोनतीन वर्षं धर."

पोराने मान वर केली. "मग हो कळवून टाकतो. आहेत तोवर झालेलं बरं."

'आहेत तोवर'! बापाचेच शब्द, त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"थांब," मी म्हटलं. "ती आवडली का तुला?"

"आई, ठीक आहे ना. वाईट काय आहे तिच्यात?"

"वाईट काय आहे ते नाही विचारलं मी."

"अगं, पुढे टक्कल पडल्यावर कोण विचारणार मला? आणि मी काही लपवणार नाहीये. तिला स्पष्ट सांगेन, केस जाणार आहेत. बाबांनी नव्हतं का तुला सांगितलं? तुला तर तेच आवडलं होतं, तूच सांगतेस सगळ्यांना."

"केस जाणार हे सांगितलं होतं रे," मी म्हटलं. "घाईत आहे हे नव्हतं सांगितलं."

कंगवा ह्यांच्या हातातच राहिला. पोरगा एकदा ह्यांच्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. मला वाटलं होतं हे उडवून लावतील, काहीतरीच काय म्हणतील. तसं काही झालं नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या बहिणीने. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"आणि तू आत्ता बोलतेस?"

"तुमचे केस जायची वाट बघत होते!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, रस्त्यावर ऐकू गेला असेल तर जाऊ दे. "गेले असते तर म्हटलं असतं, चला, माणसाचा अंदाज तरी खरा होता. ते पण नाही. ते जंगल तसंच उभं आहे, आणि मी आपली तिशीच्या आतली सोय!"

हे स्टुलाशेजारच्या खोक्यावर बसले. मग माझ्याशी नाही, पोराशी बोलायला लागले. "खरं आहे ती म्हणते ते. घाई होती. हिला बघायला गेलो तेव्हा मी हिला धड बघितलंसुद्धा नाही. मी माझं कपाळ घेऊन बसलो होतो. ही हो म्हणाली, मी सुटलो असं वाटलं. दुसरी कुणी हो म्हणाली असती तर तिच्याशी केलं असतं."

बघा, म्हणूनच विचारत नव्हते मी. इतकी वर्षं जे ऐकायची भीती होती ते पोरासमोर, दिवा चालू असताना ऐकलं. पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे, काउंटरवरच.

पोरगा म्हणाला, "पण बरंच झालं ना शेवटी? सगळं चांगलंच झालं की."

"झालं ते माझं नशीब," हे म्हणाले. "त्यात माझी अक्कल काही नाही. नशिबाच्या भरवशावर तू नको करूस. केस जातील रे. दोन वर्षांत जातील, नाहीतर पाच, मी आता साल सांगत नाही. त्यांना जाऊ दे. त्या मुलीला आणखी भेट, चार वेळा भेट. नीट बघ तिला. नाही आवडली तर तसं सांग. कुणाच्या पोरीला 'ठीक आहे' म्हणून घरी आणू नकोस. ती बाई ते विसरत नाही, बघतोयस ना."

पोराने दिवा स्वतःच बंद केला. बाहेर जाऊन आत्याला फोन लावला. हो नाही आणि नाहीही नाही, आम्हाला आणखी भेटू दे, असं काहीतरी सांगत होता. पलीकडून नणंदेचा आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू येत होता. पोराचे केस चाललेत आणि ह्या लोकांना भेटीगाठी सुचतायत, वगैरे. ऐकून घेऊन तो कामावर गेला.

मी फोटो कापायला बसले. कात्री वाकडी गेली, फोटोतल्या एका भल्या माणसाचा कान कापला गेला. हे पडद्याआडून आले आणि काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकासारखे उभे राहिले.

"राग आला?"

"मी ठीक होते. असंच ना?"

"हो," हे म्हणाले. "तेव्हा ठीक होतीस."

"आणि कधीपर्यंत?"

मी रागाने विचारलं होतं, उत्तर मागितलं नव्हतं. पण ह्यांना साल विचारलं की हे सांगणारच.

"त्या वरच्या खोलीत राहायचो आपण, तिथली टाकी फुटली होती. आठवतं? रात्रभर पाणी गळलं आणि सकाळी बघतो तर लोकांच्या लग्नांच्या सगळ्या निगेटिव्ह भिजलेल्या. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, म्हटलं धंदा बुडाला. तू एकेक पट्टी स्वच्छ पाण्यातून काढलीस आणि दोऱ्या बांधून वाळत घातलीस. चिमटे संपले तर तू स्वतःच्या केसांतल्या पिना काढून लावल्यास. आणि मग तसेच मोकळे केस घेऊन खाली जाऊन घरमालकाशी भांडलीस. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो."

"भांडणारच. त्याची टाकी होती."

"त्या दिवशी मी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो, रोजच्यासारखं कपाळ बघायला गेलो, आणि वाटलं, आता गेले केस तरी काय बिघडतं? ही काही जायची नाही." हे काउंटरवरचं पाकीट उगाच सरळ करत होते. "मग तुला बघायला लागलो. नीट."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. टाकी कधी फुटली ते मला पक्कं आठवत होतं. लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं, आणि नणंद घड्या घालून घरी गेल्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. ती बोलली ते खरंच होतं. फक्त त्यानंतर ते फार दिवस खरं राहिलं नव्हतं, आणि मी मात्र ते आजपर्यंत खरं धरून ह्यांच्या शेजारी झोपत होते.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला काय ठाऊक," हे म्हणाले, "तू वाट बघतेयस ते?"